आवक क्रमांक दोनशे चौदा

नगरपरिषदेच्या वरच्या हॉलमध्ये
नकाशा लावायच्या दिवशी खिळा सापडेना.
शेवटी जुन्या उद्घाटनाच्या पाटीचा उपसून ठोकला.
विटा, पुढची वीस वर्षं,
एका खिळ्यावर, जरा तिरकी.

पिवळ्यात राहायचं, निळ्यात दुकान,
जांभळ्यात यंत्रमाग, हिरव्यात उरलंसुरलं.
मी टेबलाशी: शिक्का, पॅड, पोचपावती.
हरकती व सूचना. मुदत तीस दिवस.

चार दिवस नुसता पंखा फिरला.
पाचव्या दिवशी जनाक्का भिंगारदेवे,
डोईवर भाजीची पाटी तशीच.
"ह्यात मी कुठं हाय, दाव."
मी बोट ठेवलं.
बोटाखाली त्यांचं घर मावलं,
शेजारची तीन मावली, चिंचेखालचा कट्टासुद्धा.
बोट उचललं तर छापलेलं:
आरक्षण ४१, वाहनतळ.
"कुणाची वाहनं?"
फॉर्मात ह्या प्रश्नाला रकाना नव्हता.
समासात लिहून घेतला.

मग गावाला जिना सापडला.

हिंदुराव शितोळ्यांचा फोन कोइमतूरहून,
मागं भट्टीचा घुमारा:
"आम्ही गलाईवाले यात्रेला येणार,
तुमची मुदत त्याच्या आधी संपणार.
अकरा महिने कुलूप लागलं
म्हणून घराचा मोकळा प्लॉट होतो का रं?"
म्हणालो, फोनवरची हरकत धरत नाहीत.
दुसऱ्या दिवशी त्यांचा भाचा आला,
सतरा घरांच्या किल्ल्या टेबलावर ओतल्या.
"सह्या परराज्यात आहेत. सध्या ह्या घ्या."
किल्ल्यांची पोच कशी द्यायची
ह्याचं परिपत्रक मला माहीत नाही.

रुद्राणी मेटकरी, इयत्ता आठवी ब:
"स्टँडपाशी मुलींसाठी संडास दाखवा.
घरी पोचेपर्यंत मी पाणी पीत नाही."
वय तेरा. साहेब म्हणाले, चालतं का हे?
म्हणालो, आराखडा संपेल तेव्हा तेहतीस असेल,
तोवर तहानलेली ठेवायची का?

जागामालकांच्या सत्तावीस हरकती
एका दिवशी, एका वकिलाच्या, एकाच भाषेत.
कडक कागद, घडीसुद्धा नाही.
त्यांनाही शिक्का तोच मारला.
मनात थोडा तिरका बसला असेल.

बाबालाल शिकलगार आले, हयात मागावर गेलेली,
आता दोन्ही डोळे गेलेले.
त्यांना नकाशा दाखवायचा कसा?
"रंग राहू दे. रस्ता सांग."
सांगितला: अठरा मीटर रुंद, सरळ.
ते काठीनं फरशी मोजत निघाले.
हॉल संपला, भिंत लागली,
रस्ता अजून सहा मीटर उरलेला.
"एकीकडनं गाडी आली तर ऐकतो मी.
दोन्हीकडनं आली
तर मधी उभं राहायला काय ठेवलंय?"

इंजिनिअरसाहेब खुर्चीतून उठले,
डोळे मिटून तेवढं चालून बघितलं,
माझ्या टेबलाला धडकले.
बाबालालच हसले तेवढे.
साहेबांनी पेन्सिलीनं
रस्त्याच्या मधोमध एक बारीक रेघ ओढली.
राहील की पुसली जाईल, ठाऊक नाही.

तिसावा दिवस, पावणेसहा.
हॉल रिकामा. पहिल्यांदाच मी
नकाशापुढं कामाशिवाय उभा राहिलो,
ओढा शोधला, ज्याच्या काठानं
भाड्याची सायकल शिकलो, तीनदा आत पडलो.
ओढा नव्हता. सलग पिवळं होतं.
पाण्याला सांगितलंय का कुणी?

फॉर्म ओढला. अर्जदार: दत्तात्रय लोटके.
सवयीनं पुढं लिहिलं, कनिष्ठ लिपिक.
खोडलं. रहिवासी, लिहिलं.
दोनशे तेरा जणांचं लिहून घेताना न अडलेला हात
इथं दोनदा थांबला.
शिक्का मीच मारला,
पोच मीच मला दिली.

सकाळी गठ्ठा लाल रुमालात बांधून
जीपमध्ये सांगलीला रवाना केला.
फाटकाच्या खड्ड्यात जीप आपटली
तेव्हा आत किल्ल्या वाजल्या.