खिळ्याची कावीळ

घणसोली गावात, तळ्यामागच्या गल्लीत
बुधवारी आणि रविवारी आमच्या ओट्यापुढे रांग लागायची.
पिवळे डोळे, पिवळी नखं.
एक जण तर कळव्याहून आलेला, स्कूटर बायको चालवत होती.
आई, द्वारकाबाई मढवी, पैसे घेत नसे.
एक नारळ, तोही परत त्याच्याच हातात:
"घरी नेऊन फोड."

घेटुळीच्या काड्या मी कापायचो,
ओल्या, बोटाच्या पेराएवढ्या.
आई एकेका काडीला दोऱ्याचा फास टाकायची.
गाठ नाही, फास.
माळ टाळूवर बसवायची, मुलाच्या टोपीसारखी.
तिसऱ्या दिवशी ती गळ्यात यायची,
आठव्या दिवशी बेंबीवर.
"उतरली," लोक म्हणायचे,
आणि खरंच कित्येकांची उतरलेली असायची.

चौथीत असताना मी एक माळ चोरली,
फडताळामागच्या खिळ्याला अडकवली,
आणि रोज मोजून वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली.
सोमवारी एक वीत.
शनिवारी दोन विती, चार बोटं.
खिळ्याला कावीळ नव्हती.

वही आईला दाखवली तेव्हा ती निवट्या साफ करत होती.
"काडी सुकते, बारीक होते, फास ढिला परतो,"
भाजीचा भाव सांगावा तशी ती म्हणाली.
"मना ठाव हाय."
"मग?"
"मग काय? माळेकडं बघत बसतात तवर घरात बसतात.
दारू सोरतात. पानी उकळून पितात.
नुसता सांगितला तर ऐकतो कोन?"

मला उत्तर सुचलं नाही.
अजूनही अर्धंच सुचतं.

कारण दिवाळ्याच्या मोरेश्वरची माळ घोट्याला लागली
आणि डोळे होते तसेच, पिकल्या लिंबासारखे.
त्यानं दुसरी नेली. मग तिसरी.
खडा पित्ताच्या नळीत होता,
नळीला माळ कुठून दिसणार.
वाशीला नेला तेव्हा उशीर झाला होता,
किती उशीर, ते डॉक्टरांनी बोटांनी मोजून सांगितलं.
त्याच्या बाराव्याला आई गेली नाही.
पुढच्या बुधवारी ओट्यावर बसली,
दोरा मांडीवर, तसाच.

आणि प्रमिला गावित आली, सातवा महिना,
नवरा बिल्डिंगीचा रखवालदार, सोबत सासू, सोबत नारळ.
आईनं तिच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली,
मग पोटाकडे पाहिलं.
"हिला माळ नाय," ती उठून उभी राहिली.
"हरेश्वर, रिक्षा आन."
सासू म्हणाली, लांबून आलोय.
"म्हनूनच. अजून थोरं लांब जा."
मी पळालो.
प्रमिलाचा मुलगा आता आयटीआयला आहे, एवढं मला माहीत आहे.

आज मी सेक्टर पाचच्या लॅबमध्ये रक्त काढतो.
बाही वर केली की कधीकधी गळ्यात माळ दिसते.
ती कोणाची, विचारत नाही.
विचारतो: पाणी कुठलं पिता?
टाकी शेवटची कधी धुतली?
ताप? उलटी? लघवी चहासारखी?
दिवस गेलेत का?
उसाचा रस सांगितलाय कोणी, तर त्यातला बर्फ कुठला?
आणि गोळ्या, कुठल्याही, अगदी झाडपाल्याच्या,
डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नका घेऊ,
यकृत आधीच दमलंय.

हळदीवरून मात्र आमचं घरात अजून वाजतं.
"पिवळ्याला पिवळा नको," आई म्हणते.
मी म्हणतो, हळदीचा काय गुन्हा?
ती वरण वाढते, माझ्यासमोर पिवळं,
शेजारच्या आजारी पोरासाठी पांढरं,
आणि त्याच्या बाटलीत
उकळून गार केलेलं पाणी ओतते,
गाळून, झाकण घट्ट लावून.
त्यावर मी काही बोलत नाही.

फडताळ गेलं. भिंतीला तीनदा रंग झाला.
खिळा आहे.
आई त्याला कॅलेंडर लावते,
आणि त्यावर टाकी धुवायची तारीख
मी लाल पेनानं गोल करतो.