समासात

सोसायटीच्या भिंतीवर दोन रेघा आहेत.
वरची एकोणीसची, माझ्या खांद्याला लागते.
खालची एकवीसची.
मी गटसचिव. कर्जाच्या फायली
आता दोन्ही रेघांच्या वर, फळीवर ठेवतो,
आणि रोज स्टुलावर चढतो.

मंगळवारी पद्माक्का मगदूम आल्या.
पिशवीत सातबारा, आठ अ,
आणि एक काळा ट्रे, बेचाळीस खळग्यांचा, रिकामा.
"उसाला न्हाई मागत," म्हणाल्या, "रोपास्नी मागतोय.
मळीतला ऊस कुजतोयच, त्यो कुजूदे.
माळावर दोन गुंठं धरल्यात भाड्यानं,
वर जाळी मारायची.
पाणी उतरलं की कांडी शोधत फिरायचं न्हाई,
म्हैन्याचं रोप त्याच दिवशी लावायचं."

फॉर्मवर हंगामाचा रकाना सगळ्यात बारका.
खरीप किंवा रब्बी. एकावर फुली.
पेन थांबलं.
मग समासात लिहिलं : पूर ओसरल्यावर.

कोल्हापुरातून तपासणीस आले, चष्मा वर करून म्हणाले,
हा कुठला हंगाम?
मी भिंतीकडे बोट दाखवलं.
त्यांनी चहा संपवला. वरच्या रेघेपाशी उभे राहिले,
ती त्यांच्या हनुवटीला लागली.

मागितले ऐंशी हजार, मंजूर पंचावन्न.
"जाळी अर्धीच मारतो मग," पद्माक्का म्हणाल्या,
"उरल्याली जुन्या लुगड्यांची."

जुलैत राजाराम बंधाऱ्याचे आकडे
तासातासाला मोबाइलवर :
एकोणचाळीस. एक्केचाळीस. रात्री त्रेचाळीस.
कर्जानं नदी थांबत नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक.
मी फायली घेऊन शाळेत, गावाबरोबर.
खिडकीतून माळावर एक बॅटरी हलताना दिसायची,
ट्रे मोजत असाव्यात.

बारा दिवसांनी मळीत चिखल, वास,
आणि चिखलात हिरव्या टाचण्यांसारख्या ओळी.
सगळ्या नाही जगल्या.
बांधाला लागून शेजारच्या नेमगोंडानेही
सहा ट्रे नेले, उधार.
ती उधारी पद्माक्कांनी
कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली,
माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात.

मार्चअखेर हप्ता आला. थोडा कमी.
राहिलेल्याची मुदत वाढवून मागितली,
तेही मंजूर झालं, उशिरा.

यंदाचे फॉर्म आलेत. रकाना तेवढाच.
झेरॉक्सवाल्याला सांगितलंय,
छापताना समास जरा रुंद सोड.