हमीपत्र

दांडिया बाजारात केतनभाईच्या झेरॉक्सवर
व्हिजिटरचा फॉर्म भरतोय.
एकवीस हिवाळे जिथं फावड्यानं बर्फ उपसला
तिथं आता चौदा दिवसांचा पाहुणा.

कार्ड परत पाठवलं तेव्हा
रावपुऱ्याच्या पोस्टातल्या बाईनं विचारलेलं,
"अंदर शुं छे, काका?"
प्लास्टिक, म्हणालो.
तिनं पाकीट तोललं. किती भरलं, सांगितलं नाही.

पूर्वी तिथं राहिलात का? हो.
कुठे कुठे?
चौकट लहान आहे.

सोबत ऋजुताचं पत्र, सहीशिक्क्याचं:
माझे वडील मुदतीत परत जातील
याची मी हमी देते.

केतनभाई विचारतो, केटली कॉपी?
दोन, म्हणतो.
मग म्हणतो, या पत्राची तीन कर.
एक घरी लागेल.