चारला थांबायचं

श्रावणी मेरगू. पुण्याहून शिकून आलेली,
केस कानापर्यंत, पायात कॅनव्हासचे बूट.
म्हणते, काकू, सोपं आहे. एक, दोन, तीन,
आणि चारला काहीच करायचं नाही.

काहीच?
काहीच.

अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यावरची खोली,
पत्रा दिवसभर तापलेला, रात्री आठलाही उतरत नाही.
खाली चोवीस माग.
वर आम्ही अकरा जोड्या, त्यात दहा कॉलेजातल्या,
आणि एक आम्ही, दुडम काका-काकू.
पैसे लावण्यानं भरले, लग्नाच्या वाढदिवसाला.
मी म्हटलं, पोरी, कुकर तरी घ्यायचास.

साल्सा म्हणजे तिकडं चटणी म्हणे.
मी डबाभर शेंगाचटणी नेली पहिल्या दिवशी.
सगळे हसले. डबा मात्र धुतल्यासारखा परत आला.

तो डावा पुढे टाकतो, मी उजवा मागे.
उजवा.
याच्या घरात आले तेव्हा सासूनं सांगितलेलं, उजवा आधी, आत.
आता एकतीस वर्षांनी तोच पाय
मोजून मागे घ्यायला शिकतेय.

मी मनात मोजते ते तेलुगूतच.
ओकटी, रेंडू, मूडू,
आणि नालुगू तोंडातच राहतो, बोराच्या बीसारखा,
थुंकावा तर खोली स्वच्छ, गिळावा तर कसा.
आठव्या वर्षापासून सूप मांडीवर.
पंचवीस बिड्यांचा कट्टा, चाळीस कट्टे रोज,
त्यात चार गाळला असता
तर मास्तरनं हजेरीतनं कापला असता.
रिकामा आकडा म्हणजे चोरी,
हे मला आईनं नाही, सुपानं शिकवलं.

आणि हा, जॉबर.
याच्या हिशेबात थांबलेला माग म्हणजे कुणीतरी ओरडणार.
चारला हा थांबतच नाही. पाचवा पाय सरळ माझ्या अंगठ्यावर.
"काय करूलालाव?" मी.
"काय?" तो.
डावा कान मागांनी खाल्ला, उजवा अर्धा राहिलाय.

श्रावणी म्हणते, काका, ढकलू नका,
हातानं विचारा. काकू उत्तर देतील.
काका माझ्या तोंडाकडे बघतात,
जणू मी तिला काही सांगून ठेवलंय.

तिसऱ्या आठवड्यात त्याचा पंजा
माझ्या पाठीच्या पात्याखाली जरा हलका झाला.
दोन हजार तारांतली तुटलेली एक
डोळे मिटून बोटानं शोधतो हा माणूस.
तसाच, शोधल्यासारखा,
डावीकडे?
मी डावीकडे गेले.
एवढंच झालं. पण मला घाम फुटला, पत्र्याचा नव्हे.

खाली बघू नका, काकू.
बरं. मग बघू कुठं?
समोर त्याच्या शर्टाचं दुसरं बटण, मीच लावलेलं,
दोरा वेगळ्या रंगाचा.

काल स्पीकरची बॅटरी गेली.
गाणं मधेच मेलं, पोरं थांबली,
कुणी पाणी प्यायला, कुणी मोबाइलकडे.
हा थांबला नाही.
माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत
एक, दोन, तीन,
आणि तेव्हा कळलं मला:
गाणं यानं कधी ऐकलंच नव्हतं.
खालच्या चोवीस मागांचे ठोके
तळपायातनं वर येत होते,
त्यांच्यावर नाचत होता हा, पहिल्या दिवसापासून.

पण मागांना तर चारला थांबणं नाही.
खाली खटखट चालूच,
आणि वर हा आपल्या मनानं
एक ठोका सोडून देतोय,
कुणाला न विचारता, कुणी ओरडेल याची वाट न बघता.

श्रावणी काही बोलायला आली.
मी मानेनंच नको म्हटलं.

ओकटी, रेंडू, मूडू.

दोघेही उभे.