नाते : इतर

एका फॉर्मचे एकशे वीस रुपये,
पिंपळनेरहून जीपचं भाडं आपलं आपण.
मोहपाड्यात घरं एक्केचाळीस.
पौष. सव्वीस दारांना कुलूप.

खाणीचं इथे अजून काहीच नाही.
टेकडीवर चुना फासलेले खुंटे आहेत,
आणि ड्रिलवाले विसरून गेलेले
काळ्या दगडाचे गुळगुळीत दंडगोल.
त्यातल्या एकाने जमनाबाई मिरची वाटते.
"वरोटा चांगला शे," म्हणाली,
"पाचशे फूट खालना शे म्हने."
फाट्यावरच्या चहावाल्याने फ्रीज घेतलाय,
अजून न आलेल्या साहेबांच्या भरवशावर.

टॅबवर प्रश्न सत्याहत्तर.
घर कच्चं की पक्कं. चूल की गॅस.
महिन्याचं उत्पन्न.
मिळकतीला इथे महिनाच नसतो.
दसऱ्याला मुकादम जोडीमागे उचल देतो,
दिवाळी झाली की ट्रक बारडोलीकडे निघतो
पोरं, पातेली, पत्र्याची पेटी,
आणि वर बांधलेल्या खाटेसकट.
रकाना फक्त आकडा घेतो. मी बारांनी भागते.

रोहिदास मालचे तेवढा मागे राहिला.
तीन वर्षांपूर्वी फडात मोळ्यांची गाडी
त्याच्या घोट्यावरून गेली.
आता करगोट्याला सव्वीस चाव्या,
चालला की लंगडण्याआधी त्याच ऐकू येतात.

खैरनार सर फोनवर म्हणाले,
"तीनदा जा. तिन्ही वेळा कुलूप असेल
तर 'वास्तव्य नाही' टिक कर."
मग ते बाधितांत धरायचे?
"वास्तव्यच नाही तर बाधा कसली?"
होळीला येतात सगळे, सर.
"अहवाल फेब्रुवारीत द्यायचाय."

रोहिदासने ऐकलं सगळं. स्पीकर चालू होता.
"चाल," म्हणाला, आणि पहिली चावी काढली.

हे भुराचं.
"गयात तव्हय सहा व्हतात,
आते सात व्हई गया व्हतीन."
मी सहा लिहिलं. खोडलं. टॅबवर खोडता येत नाही,
मागे जावं लागतं, मग पुन्हा पुढे.
हे दिलवरचं. राखेत कालवलेलं बाजरीचं बियाणं,
आढ्याला प्लास्टिकच्या पिशवीत पोरीचा शाळेचा दाखला,
आणि एक घड्याळ, रिकाम्या घरात
बरोबर अकरा वीस दाखवणारं.
सेल कोण बदलतं, विचारायची गरज नव्हती.
हे झिपाचं. इथून एक कोंबडी बाहेर आली
आणि आमच्या मागे लागली
पुढची चार घरं.

गुरं किती, भांडी किती, विहीर किती लांब,
त्याला सगळं पाठ होतं.
कोणाच्या भिंतीला मागल्या आषाढात भेग गेली,
कोणी दार नवं केलं आणि चौकट जुनीच ठेवली.
मी भरत गेले. बॅटरी एकोणीस टक्के.

शेवटचा प्रश्न दरवेळी तोच :
उत्तर देणाऱ्याचं कुटुंबप्रमुखाशी नातं.
पती. पत्नी. मुलगा. मुलगी. आई. वडील. इतर.
पहिल्या घरी मी त्याला विचारलं.
तो जुडग्याकडे बघत राहिला.
"लिख ना, चावी."
सव्वीसदा इतर.

मग फोटो. घरातल्या माणसाचा, दारासमोर.
मी कुलपाचा काढला, जवळून.
चेहरा आढळला नाही.
पुन्हा प्रयत्न करा.

जीप येईपर्यंत तो फाट्यावर थांबला.
फ्रीजमधली पाण्याची बाटली चहावाला विकेना,
गार झाली नव्हती म्हणे, लाइट नव्हती.
"तुले पैसा भेटतीन ना या सव्वीसना?"
बंद घराचे चाळीस, मी म्हटलं.
"बंद कोठे व्हतात?"
तो हसला, आणि भुराचं कुलूप नीट लागलं का
हे पाहायला परत निघाला.
दोनदा ओढून पाहिलं होतं त्याने.
मी मोजलं होतं.