चौदाशे चाळीस

पलूसच्या स्टँडमागं, खताच्या दुकानाला लागून
माझं मोटर वाइंडिंगचं दुकान.
वार्निशचा वास, जळक्या तांब्याचा वास,
आणि दारात कायम कुणाची तरी मोटर, पोट फाडलेली.

तीस वर्षं झाली.
डोळे गेले तरी चोवीस खाचांत तार भरेन,
किती वेढे, कुठला गेज, बोटांना पाठ आहे.
लोक म्हणतात, शिकलगारचाचाचा हात लागला की
मोटर दोन हंगाम बघायला नको.

चौगुल्यांची सन्मती आली, आठवीतली,
कडबाकुट्टीची मोटर घेऊन, बापाबरोबर.
बाप बँकेत गेला. जाता जाता म्हणाला,
"लई इचारती ओ. कटाळला तर हाकला."
ती तेलाच्या डब्यावर बसली.

बराच वेळ काहीच बोलली नाही.
मग रोटर मांडीवर घेतला, ओलं मांजर घ्यावं तसा, जपून.
"चाचा, ह्याला वायर कुठाय?"
नसते.
"कुठंच चिकटत नाही?"
नुसत्या बेरिंगवर बसतो.
"मग त्याला कळतं कसं, फिरायचं?"

मी पक्कड शोधायला लागलो.
पक्कड हातातच होती.

शेवटी तिला छर्रा दाखवला.
आम्ही वाइंडिंग तपासतो तसा:
रिकाम्या स्टेटरात सायकलचा एक छर्रा सोडायचा,
दिवा सिरीजमध्ये लावून करंट द्यायचा.
छर्रा दचकला, आणि कडेकडेनं पळायला लागला,
गोल, गोल, मौत का कुआँतल्या मोटरसायकलसारखा.
पळाला म्हणजे काम बरोबर, पैसे घ्यायचे.
हजारदा पळवलाय मी तो.
ती खाली वाकून बघत होती.
"ह्याला ढकलतंय कोण?"

मग कपॅसिटर काढून दाखवला.
मोटर नुसती गुरगुरली, जागची हलली नाही.
पुलीला दोरी गुंडाळून डावीकडं हिसका दिला,
ती डावीकडं फिरली. बंद करून उजवीकडं दिला,
उजवीकडं.
सन्मती हसली, "म्हणजे तिला जायचंय,
पण कुठं ते ठरत नाही."
मी म्हटलं, जात्यावर दोघी असतात ना,
एकीचा हात आधी, दुसरीचा मागून,
कपॅसिटर तेवढंच करतो, एकीला मागं ठेवतो.
हे मी कुणाकडनं ऐकलं होतं की तिथंच सुचलं,
आता सांगता येणार नाही.

निघताना तिनं पाटी वाचली, ओढणीनं पुसून.
"चौदाशे चाळीस. पुस्तकात पंधराशे होतं.
साठ फेरे कुठं गेले?"
बाप म्हणाला, "चल, म्हशी वाट बघत्यात."

आठ दिवसांनी एकटीच आली, एसटीचा पास गळ्यात.
आधी पाणी प्याली.
"सापडले. आत जे फिरतं ते दिसत नाही, ते पंधराशे फिरतं.
लोखंड त्याच्या मागं पळतं.
गाठलं की ओढच संपंल.
म्हणून मिनिटाला साठ कमी,
सेकंदाला एक फेरा मागं. बरोबर एक."
मी म्हटलं, आणि गाठलंच तर?
माझ्या आयुष्यातला, धंदा सोडून, पहिला प्रश्न असेल.
ती गप्प झाली. नख खाल्लं.
"मग थोडं मागं पडंल. परत ओढ लागंल."
थांबून म्हणाली, "असं मला वाटतं.
हे अजून आमच्यात शिकवलं नाही."

त्या रात्री शटर अर्धं ओढून
भंगारातल्या सगळ्या पाट्या पुसल्या.
चौदाशे तीस. अठ्ठावीसशे ऐंशी. नऊशे साठ.
एकही भरलेली नाही.
तीस वर्षं माझ्या अंगठ्याखाली होत्या,
कुणाचाच आकडा पुरा नव्हता,
आणि गावभर पाणी चढत होतं.

बायकोचा फोन आला, भाकरी गार झाली, करताय काय?
म्हटलं, मोजतोय.
म्हणाली, गल्ला?