फाजील

रात्रीचे पावणेदोन. मरोळ.
विमान इतकं खालून जातं
की कपातला चहा शहारतो.
समोर परवानग्यांची फाइल, चार हजार एकशे सहा ओळी,
प्रत्येक ओळ कुणाला तरी
कशाला तरी हात लावू देते.

मी शोधतेय ते
हो म्हटल्यावर पुन्हा म्हटलेलं हो.
छपाईवाल्या प्रोसेसला फोल्डर वाचायची मुभा
ओळ नव्वदला दिलीय.
तीच पुन्हा बाराशेला,
क्लायंट फोनवर ओरडत असताना दिली असणार.

एक ओळ खोडायची. कंपाइल. चाचण्या.
काही बिघडलं नाही तर ती फुकटच बसली होती.
असं तीनशे वेळा काहीच बिघडत नाही.
सकाळी साहेबांना दाखवू काय?
कालचंच सगळं, थोड्या कमी शब्दांत.

अठराशे सदतीसच्या डोक्यावर टीप:
# तात्पुरतं. सोमवारी काढतो. ग्लॅडविन
कुठला सोमवार, ते नाही लिहिलेलं.
त्याच्या मातीला आम्ही सगळे कलिन्याला गेलो,
तो शुक्रवार होता.

नियम खोडला.
कंपाइल. चाचण्या. काही नाही.
टीप राहू दिली.
हॅशपुढचं यंत्र वाचत नाही.